ओव्हल ऑफिसमधल्या घोडेस्वाराची कॉपी ऑनलाइन मिळते, मग अस्सल मूर्तीसाठी लाखो डॉलर का मोजतात?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या ओव्हल ऑफिसचे फोटो तुमच्या फीडमध्ये कितीतरी वेळा आले असतील. दोन नेते खुर्च्यांवर बसलेत, हात मिळवतायत, मागे झेंडे. अनेक राष्ट्राध्यक्षांच्या काळातल्या अशा फोटोंमध्ये मागच्या टेबलावर एक छोटी मूर्ती दिसते. मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला, उधळलेला घोडा. त्याच्या पाठीवर एक काउबॉय, एका हाताने आयाळ घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात चाबूक.

या मूर्तीचं नाव ‘ब्राँको बस्टर’. ब्राँको म्हणजे अजून माणसाळला नाही असा घोडा आणि बस्टर म्हणजे त्याला वठणीवर आणणारा. फ्रेडरिक रेमिंग्टन या चित्रकाराने १८९५ मध्ये ती घडवली.

आता गंमत बघा. ऑनलाइन सर्च केलं तर दिसायला हुबेहूब अशीच मूर्ती तुम्हाला शेकड्याने सापडेल. तीही ब्रॉन्झची, तिच्यावरही रेमिंग्टनची सही, आणि किंमत आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी मोबाइलएवढी. दुसरीकडे लिलावात याच मूर्तीच्या जुन्या प्रतींसाठी लोक लाखो डॉलर मोजतात.

धातू तोच, घोडा तोच, सहीसुद्धा तीच. मग फरक कुठे आहे?

हा प्रश्न एका मूर्तीपुरता नाही. जुन्या अमेरिकन मूर्ती आणि शिल्पं जमवण्याचा अख्खा नाद याच प्रश्नाभोवती फिरतो. संगमरवर, प्लास्टर, ब्रॉन्झ, तांबं, लाकूड, जस्त अशा प्रत्येक मटेरियलमध्ये त्याचं उत्तर थोडं वेगळं आहे. एकेक करून बघू.

आधी हे स्पष्ट करू : अँटिक म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेच्या कस्टम्स नियमांत अँटिकची सोपी व्याख्या आहे. वस्तू १०० वर्षांहून जुनी पाहिजे. पण संग्राहकांना एवढ्यावर समाधान नसतं. शंभर वर्षांपूर्वीही नकला बनतच होत्या, त्यामुळे नुसत्या वयाने काही सिद्ध होत नाही. ते तीन प्रश्न विचारतात. मूर्ती कुणी घडवली? ही प्रत कुणाच्या देखरेखीखाली आणि कधी बनली? आणि तिथून आपल्या हातात येईपर्यंत ती कुणाकुणाकडे होती?

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला प्रोव्हेनन्स म्हणतात. आपण जमीन घेताना सातबारा आणि जुने फेरफार बघतो ना, तसाच हा मूर्तीच्या मालकीचा इतिहास.

ब्रॉन्झ : एका साच्यातून किती घोडे?

ब्रॉन्झची मूर्ती म्हणजे एकुलती एक वस्तू, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात शिल्पकार आधी माती किंवा मेणात मूळ नमुना करतो, त्यावरून साचा बनतो आणि साच्यातून अनेक प्रती ओतल्या जातात.

रेमिंग्टनने ब्राँको बस्टरचं काम आधी न्यू यॉर्कच्या हेन्री-बोनार्ड कंपनीला दिलं. तिथे वाळूच्या साच्यात ओतकाम व्हायचं. या पद्धतीत प्रत्येक प्रत जवळपास सारखीच निघते. अशा साठेक प्रती निघाल्या. टिफनीच्या दुकानात ही मूर्ती तेव्हा २५० डॉलरला मिळायची.

१९००च्या सुमाराला तो रोमन ब्रॉन्झ वर्क्स या फाउंड्रीकडे गेला. तिथली पद्धत होती मेण वितळवून ओतकाम करण्याची. मेणाची मूर्ती करायची, तिच्याभोवती साच्याचं आवरण द्यायचं, तापवून मेण बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. ही पद्धत आपल्याला परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात तिचं वर्णन आहे.

या पद्धतीचा रेमिंग्टनला एक मोठा फायदा झाला. धातू ओतण्याआधी प्रत्येक मेणाच्या प्रतीवर स्वतःच्या हाताने बदल करता यायचे. त्यामुळे त्याच्या काही घोडेस्वारांच्या पायांवर साधं चामडं दिसतं, तर काहींच्या पायांवर लोकरीसारखं केसाळ. म्हणून जाणकार विचारतात, ही प्रत कोणत्या फाउंड्रीची, कितव्या क्रमांकाची, रेमिंग्टन जिवंत असतानाची की नंतरची?

कारण १९०९ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, रेमिंग्टन वारला. त्यानंतर त्याच्या पत्नीच्या, इव्हाच्या परवानगीने प्रती निघत राहिल्या. १९१८ मध्ये तीही गेली आणि त्यानंतर थोड्याच काळात अधिकृत ओतकाम थांबलं. तोवर एकूण अडीचशेच्या वर प्रती निघाल्या होत्या.

पुढे कॉपीराइट संपला आणि मग कुणीही प्रती काढायला मोकळं झालं. त्यामुळे आज बाजारात मिळणारी प्रत विकणं बेकायदा नाही. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा ती जुनी आणि अस्सल म्हणून विकली जाते.

ती ओळखायची कशी? एक खूण माप देतं. वितळलेला धातू थंड होताना थोडा आकसतो. नकली प्रत काढणाऱ्याकडे मूळ साचा नसतो, म्हणून तो तयार ब्रॉन्झवरूनच नवा साचा घेतो. त्यातून निघालेली मूर्ती मूळ मूर्तीपेक्षा किंचित लहान भरते आणि तिचे बारकावेही बोथट होतात. घोड्याची आयाळ, लगाम, काउबॉयच्या चेहऱ्यावरच्या रेषा मेणबत्ती विरघळल्यासारख्या दिसतात.

दुसरी खूण म्हणजे बैठक. संगमरवराच्या जाड चौथऱ्यावर बसवलेला रेमिंग्टन दिसला तर तो सहसा अलीकडची नक्कल असतो. फोटोत सगळ्यात भारी दिसतो तो चौथराच, आणि नवखा माणूस भुलतो तो त्यालाच.

प्लास्टर : मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यातली कला

ब्रॉन्झ श्रीमंतांसाठी होतं. सामान्य अमेरिकन घरात शिल्प पोहोचवलं ते जॉन रॉजर्स नावाच्या माणसाने.

रॉजर्स आधी यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये काम करायचा. त्याने १८५९ नंतर प्लास्टरच्या छोट्या समूहमूर्ती बनवायला सुरुवात केली. त्यात देवदेवता नव्हत्या, ग्रीक सुंदऱ्या नव्हत्या. शेतावर सोंगट्यांचा खेळ खेळणारे दोघे जण, घरी परतलेला सैनिक, गावातला शाळामास्तर असे रोजचे प्रसंग होते. सरासरी किंमत १४ डॉलरच्या आसपास. त्याच्या सुमारे ८० रचनांच्या मिळून जवळपास ८० हजार प्रती खपल्या. लग्नात आहेर म्हणूनही लोक त्या द्यायचे.

त्याची सुरुवातीची एक मूर्ती होती ‘द स्लेव्ह ऑक्शन’, म्हणजे गुलामांचा लिलाव. लिलावात उभं केलेलं एक कृष्णवर्णीय कुटुंब, आणि मध्ये लिलाव पुकारणारा. अमेरिकेत यादवी युद्धाआधीचं वातावरण तापलेलं होतं. दक्षिणेतलं गिऱ्हाईक तुटेल या भीतीने न्यू यॉर्कच्या दुकानदारांनी ती ठेवायला नकार दिला. तेव्हा रॉजर्सने एका कृष्णवर्णीय माणसाकरवी ती रस्त्यावर फिरून विकायला लावली.

‘काउन्सिल ऑफ वॉर’ या मूर्तीत लिंकन खुर्चीत बसून नकाशा बघतायत. शेजारी जनरल ग्रँट आणि युद्धमंत्री स्टँटन उभे आहेत. काही प्रतींमध्ये स्टँटनचे हात लिंकनच्या डोक्यामागे आहेत, ते चष्मा पुसतायत. काही प्रतींमध्ये हात तिथून हलवलेले आहेत. असं सांगतात की, लिंकन यांची हत्या मागून डोक्यात गोळी घालून झाली होती, त्यामुळे डोक्यामागचे ते हात लोकांना खटकले आणि रॉजर्सने रचना बदलली. आज संग्राहक आधी स्टँटनचे हात कुठे आहेत ते बघतात.

पुढे फॅशन बदलली. विसाव्या शतकात या मूर्ती ‘आजीच्या काळातल्या’ ठरल्या आणि माळ्यावर गेल्या. प्लास्टर नाजूक. कुणाचं बोट तुटलं, कुणाचं नाक. मग घरातल्यांनी हौसेने पांढरा किंवा सोनेरी रंग फासला. म्हणून तुटफूट नसलेली आणि मूळचा मातकट किंवा करडा रंग शाबूत असलेली प्रत आज वेगळी मोजली जाते. न्यू यॉर्क हिस्टॉरिकल या संस्थेकडे रॉजर्सचा मोठा संग्रह आहे.

तांबं आणि लाकूड : ज्यांना कुणी कला म्हणतच नव्हतं

आतापर्यंत आपण शिल्पकारांबद्दल बोललो. पण अमेरिकेत मूर्ती घडवणाऱ्यांचा आणखी एक मोठा वर्ग होता. जहाजाच्या नाळेवर बाई किंवा गरुड कोरणारे सुतार, दुकानाबाहेरच्या लाकडी बाहुल्या करणारे कारागीर, छपरावरची वाऱ्याची दिशा दाखवणारी वेदरवेन ठोकणारे तांबट.

वेदरवेन शेतकऱ्यासाठी कामाची वस्तू होती. वारा कुठून येतोय ते कळलं की पावसाचा अंदाज बांधता यायचा. घोडा, कोंबडा, गाय, मासा अशा आकारांच्या लोखंडी साच्यात तांब्याचा पत्रा ठोकायचा, दोन अर्धे भाग जोडायचे आणि वर सोन्याचा मुलामा. बॉस्टनच्या फॅन्युअल हॉलवरचा १७४२ सालचा तांब्याचा नाकतोडा अजूनही प्रसिद्ध आहे. १९७४ मध्ये तो चक्क चोरीला गेला होता. काही दिवसांनी त्याच इमारतीच्या मनोऱ्यात लपवलेला सापडला.

चोरी व्हायचं कारण किंमत. २००६ मध्ये सदबीजच्या लिलावात मूळनिवासी सरदाराच्या आकाराची एक वेदरवेन सुमारे ५८ लाख डॉलरला गेली. शेताच्या कोठारावरची वस्तू!

असंच झालं लाकडी बदकांचं. शिकारी लोक पाण्यात लाकडी बदकं सोडायचे. ती बघून खरी बदकं खाली उतरायची आणि मारली जायची. या नकली पक्ष्यांना डिकॉय म्हणतात. १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानंतर बाजारासाठी बदकं मारण्याचा धंदा बसला, तशी या लाकडी बदकांची गरजही घटली. आणि २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रोवेलने कोरलेले दोन डिकॉय प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरला विकले गेले.

हा बदल कसा झाला? १९२०च्या दशकात काही आधुनिक चित्रकार आणि शिल्पकारांना या वस्तूंमध्ये साधा, मोकळा आकार दिसला. शिल्पकार एली नॅडेलमन आणि त्याची पत्नी व्हायोला यांनी १९२६ मध्ये लोककलेचं म्युझियमच उघडलं. महामंदीत त्यांचे पैसे बुडाले आणि १९३७ मध्ये संग्रह विकावा लागला. १९३१ मध्ये नेवार्क म्युझियमने अमेरिकन लोकशिल्पांचं प्रदर्शन भरवलं. काल अडगळ असलेली वस्तू काचेच्या पेटीत गेली आणि भाव बदलले.

यात एक बोचणारी गोष्ट आहे. पेनसिल्व्हेनियात विल्हेल्म शिमेल नावाचा एक भटका कारागीर होता. तो चाकूने लाकडाचे गरुड कोरायचा आणि जेवण किंवा दारूच्या बदल्यात देऊन टाकायचा. १८९० मध्ये तो गरिबांच्या आश्रमात वारला. आज त्याचा एक चांगला गरुड हजारो डॉलरला जातो. त्यातला एक पैसाही शिमेलने बघितला नाही.

आणि ज्या मूर्ती जमवताना अवघडल्यासारखं होतं

लाकडी मूर्तींत सगळ्यात ओळखीचा प्रकार म्हणजे तंबाखूच्या दुकानाबाहेर उभा असलेला पिसांचा टोप घातलेला मूळनिवासी अमेरिकन. लाकडी जहाजांचा काळ सरला तसे अनेक कोरीवकाम करणारे याच कामाकडे वळले. न्यू यॉर्कचा सॅम्युअल रॉब त्यातला नावाजलेला.

कारागिरी उत्तम, यात वाद नाही. पण एका समाजाचं रंगवलेलं ठरावीक सोंग सिगार विकायला दाराशी उभं केलं होतं, हेही तेवढंच खरं. मूळनिवासी समाजातल्या अनेकांना या मूर्ती अपमानास्पद वाटतात. त्यामुळे आज अशी मूर्ती दिवाणखान्यात ठेवायची की संदर्भासह म्युझियममध्ये, हा प्रश्न संग्राहकालाही टाळता येत नाही.

संगमरवर : घोड्याच्या थडग्यावरची क्लिओपात्रा

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन शिल्पकार संगमरवरासाठी इटलीला जायचे. दगड तिथे, कुशल पाथरवट तिथे. हायरम पॉवर्सने फ्लॉरेन्समध्ये केलेली ‘ग्रीक स्लेव्ह’ १८४७ पासून अमेरिकेत फिरवली, तेव्हा लाखभर लोकांनी ती तिकीट काढून बघितली. एकोणिसाव्या शतकातली ती सगळ्यात गाजलेली अमेरिकन मूर्ती म्हणता येईल.

पण मला सांगायची आहे ती दुसऱ्या मूर्तीची गोष्ट. एडमोनिया लुईस ही कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी ओजिब्वे अशा दोन्ही वंशांची शिल्पकार. १८६६ मध्ये ती रोमला गेली आणि तिथेच काम करू लागली. बायकांनी केलेली शिल्पं खरं तर इटालियन कारागीरच करतात, असा आरोप तेव्हा सर्रास व्हायचा. लुईस बरंचसं कोरीवकाम स्वतःच्या हातांनी करायची.

१८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात तिने ‘द डेथ ऑफ क्लिओपात्रा’ मांडली. सिंहासनावर मान कललेली, मेलेली राणी. वजन जवळपास १,४०० किलो. बघायला गर्दी झाली, पण विकत कुणी घेतली नाही. मूर्ती शिकागोला गेली, तिथे गोदामात पडली, मग एका दारूच्या गुत्त्यात पोहोचली. पुढे रेसकोर्सच्या एका जुगारी मालकाने ती आपल्या लाडक्या घोडीच्या थडग्यावर बसवली. घोडीचं नावही क्लिओपात्रा!

रेसकोर्स गेला, गोल्फचं मैदान आलं, मग युद्धसाहित्याचा कारखाना आणि शेवटी टपालखात्याचं केंद्र. मूर्ती एका कंत्राटदाराच्या यार्डात जाऊन पडली. १९८०च्या दशकात आग सुरक्षेची पाहणी करणाऱ्या एका अधिकाऱ्याचं तिच्याकडे लक्ष गेलं. ही काहीतरी मौल्यवान वस्तू आहे एवढं त्याला वाटलं आणि त्याने बॉय स्काउटच्या मुलांकडून ती साफ करून घेतली, रंगही दिला. हेतू चांगला होता, पण तो रंग नंतर तज्ज्ञांना काढावा लागला. अभ्यासकांनी ती लुईसची हरवलेली क्लिओपात्रा असल्याचं ओळखलं आणि १९९४ मध्ये ती स्मिथसोनियनच्या अमेरिकन आर्ट म्युझियमकडे आली.

लुईस स्वतः १९०७ मध्ये लंडनमध्ये वारली. २०२२ मध्ये अमेरिकेने तिचं टपाल तिकीट काढलं. ज्या टपालखात्याच्या जागेवरून तिची मूर्ती हलवली गेली, त्याच खात्याचं.

ही मूर्ती कित्येक दशकं उन्हापावसात उघड्यावर होती. दगड तोच होता. तिच्याबरोबर तिची माहिती नव्हती, म्हणून तिला किंमत नव्हती.

मग समोर एखादी जुनी मूर्ती आली तर काय बघायचं?

तुमच्यापैकी काहींचे नातेवाईक अमेरिकेत असतील. तिथे कुणी वारलं किंवा घर बदललं की अख्ख्या घरातलं सामान विकायला काढतात, त्याला इस्टेट सेल म्हणतात. रविवारी तिथे फेरफटका मारणारी मराठी मंडळीही बरीच आहेत. तिथे किंवा ऑनलाइन एखादी मूर्ती आवडली, तर एवढं नक्की करा.

१. मूर्ती उलटी करून बघा. फाउंड्रीचा शिक्का, क्रमांक, पेटंटची तारीख, नटबोल्ट हे सगळं सहसा खाली किंवा बैठकीच्या कडेला असतं. जुन्या मूर्तीला चकचकीत नवे स्क्रू असतील तर प्रश्न विचारा.

२. धातू ओळखा. जस्ताच्या मूर्तींना ब्रॉन्झसारखा रंग देऊन विकायची पद्धत एकोणिसाव्या शतकातही होती. खालच्या बाजूला, जिथे रंग उडालाय तिथे आतून राखाडी दिसलं तर ते जस्त असू शकतं. ब्रॉन्झ आतून सोनेरी-पिवळसर दिसतं. चुंबक चिकटला तर ते लोखंड, ब्रॉन्झ नाही.

३. माप घ्या. म्युझियमच्या वेबसाइटवर अस्सल प्रतीची उंची दिलेली असते. त्यापेक्षा मूर्ती थोडी लहान भरली तर सावध व्हा.

४. झीज कुठे आहे ते बघा. खऱ्या वेदरवेनवर वारा आणि पावसाने असमान झीज होते. बंदुकीच्या गोळ्यांची भोकंही असतात, कारण लोक त्यावर नेम धरायचे. पण हे माहीत असल्यामुळे नकली बनवणारे भोकंही पाडतात. म्हणून एकाच खुणेवर विश्वास ठेवू नका.

५. घासूनपुसून चकाचक करू नका. वर्षानुवर्षं हवेने चढलेल्या थराला पॅटिना म्हणतात. पितांबरी लावून तो काढलात तर मूर्तीची किंमतही त्याच्याबरोबर जाते.

६. कागद मागा. जुनं बिल, लिलावाची पावती, घरातला जुना फोटो, काहीही. महागडी खरेदी असेल तर चोरीला गेलेल्या कलावस्तूंची नोंद ठेवणाऱ्या आर्ट लॉस रजिस्टरमध्ये तपासून घेता येतं.

आणि यातलं काहीच नसेल, पण मूर्ती मनापासून आवडली असेल तर? खुशाल घ्या. फक्त पैसे नकलेचे द्या, अस्सलचे नाही.

आता पुन्हा ओव्हल ऑफिसमधल्या त्या घोड्याकडे येऊ. १८९८ मध्ये थिओडोर रूझवेल्टच्या ‘रफ रायडर्स’ पलटणीतल्या सैनिकांनी युद्ध संपल्यावर वर्गणी काढून त्याला एक ब्राँको बस्टर भेट दिला होता. ती प्रत आज न्यू यॉर्कजवळच्या सॅगामोर हिल या त्याच्या घरात आहे. कुणी दिली, कुणाला दिली, कधी दिली, सगळं नोंदलेलं आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या घोडेस्वाराकडे नेमकं हेच नसतं. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘शंभर वर्षं जुना पीस आहे’ असं सांगितलं, तर किंमत विचारण्याआधी एवढंच विचारा : ही इतकी वर्षं कुणाकडे होती?